समोर न पाहता

‘भावोजी, हे गेले,’ सुमतीवहिनी फोनवर म्हणाल्या, आणि मी विचारले, ‘कुठे?’

हा प्रश्न मूर्खपणाचा होता असे मला आजही वाटत नाही. दत्तात्रय सबनीस हा माणूस सदैव कुठेतरी गेलेलाच असे. वाचनालयात, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, नाहीतर नव्या दुकानाच्या पाटीवरची चूक मालकाला समजावून सांगायला. त्याच दुपारी माझ्या एका तक्रार-अर्जातल्या स्वल्पविरामावरून तो फोनवर माझ्याशी भांडला होता. ज्याच्याशी दुपारी भांडण झाले तो संध्याकाळी ‘गेला’ असे कुणी म्हणाले, तर माणूस ‘कुठे’ हेच विचारणार.  पलीकडे एका शेजाऱ्याने फोन घेतला आणि म्हणाला, ‘काका, सर एक्सपायर झालेत.’ आयुष्यभर मी तो शब्द परवाने आणि भाडेकरार यांच्यासाठीच ऐकत आलो. त्यामुळे क्षणभर मला खरोखरच वाटले, की कसलीतरी मुदत संपली आहे आणि आपण अर्ज केला तर ती वाढवून मिळेल…

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या घरून डोंबिवलीच्या त्या रुग्णालयात मी कसा पोहोचलो हे मला आठवत नाही. दत्ताच्या कपाळावरची खोक आणि सदऱ्याच्या खिशाला तसेच अडकलेले लाल शाईचे पेन, एवढे दोनच तपशील आठवतात. घराजवळच्या पदपथाचे काम चालू होते. गटाराच्या चेंबरवरची लादी काढून ठेवलेली होती. तो संध्याकाळचा भाजी आणायला निघाला आणि त्या चेंबरमध्ये पडला. सरळ, सपाट, रोजच्या रस्त्यावर. मी हे लिहीत असताना काही आठवडे लोटले आहेत आणि मी अजून सावरलेलो नाही. सावरण्याची मला घाईही नाही. चालत्या माणसाच्या पायाखालून रस्ता काढून घेतला जातो आणि चार दिवसांत सगळे सावरतात, हीच मला या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते.

पंचनाम्याची प्रत मीच मागून घेतली. मी वकील नाही. कायद्याची पदवी घेतली, पण नोकरी एका कंपनीच्या कायदा विभागात केली आणि निवृत्तीनंतर निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहीत आलो. दत्ता मला याच कारणासाठी, आणि केवळ खिजवण्यासाठी, ‘वकील’ म्हणत असे. तर त्या पंचनाम्यात असे लिहिले होते : ‘मयत इसम हे समोर न पाहता चालत असल्याने उघड्या चेंबरमध्ये पडून गंभीर जखमी झाले.’ सुमतीवहिनींनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी ‘न पाहता’ या शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘भावोजी, एवढं काढून घ्या. बाकी मला कुणाकडून काही नको.’

ते दोन शब्द त्यांना का सोसवत नव्हते, हे कळायला दत्ता कोण होता हे सांगितले पाहिजे.

आम्ही दोघे ठाण्याच्याच कोपरीतले. एकाच चाळीत वाढलो, एकाच शाळेत गेलो. पुढे तो डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवू लागला आणि लग्नानंतर तिथलाच झाला. त्याची अख्खी नोकरी, मी थट्टेने म्हणत असे, एका शब्दावर निघाली. तो शब्द म्हणजे ‘सी’. तीन अक्षरांचे हे क्रियापद पहिलीतल्या पोरालाही येते आणि ते कुणालाच येत नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. एकदा त्याला न्यायला मी शाळेत गेलो असता वर्गाच्या दाराशी उभे राहून त्याचा तो प्रसिद्ध तास ऐकण्याचा योग मला आला. त्याने सगळ्या मुलांना डोळे मिटायला लावले, मग उघडायला लावले आणि विचारले, ‘आत्ता काय केलंत?’

‘बघितलं, सर!’

‘खोटं. तुम्ही डोळे उघडलेत आणि तुम्हाला दिसलं. तुम्ही काहीच केलं नाहीत, फुकटचं श्रेय घेऊ नका. याला म्हणतात सी. आता फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काय आहे ते सांगा.’ माना वळल्या. ‘हं, हे आत्ता बघताय. हे लुक. आणि तिथली ती पाल हलेपर्यंत जे कराल ते वॉच.’ पाल तेवढ्यात हलली, मुली किंचाळल्या आणि दत्ता शांतपणे म्हणाला, ‘संपलं वॉच. वह्या काढा.’

मराठी मुले ‘आय सॉ टीव्ही’ लिहितात याचा दोष तो मुलांना कधीच देत नसे. शब्दकोशांनी घोटाळा करून ठेवला आहे, असे तो म्हणे. ‘सी’समोर ‘पाहणे’ छापले आहे, तिथे आधी ‘दिसणे’ हवे होते. दिसणे आपल्याला घडते, पाहणे आपण करतो. ‘तुझ्या कायद्याच्या भाषेत सांगायचं तर,’ तो मला म्हणाला होता, ‘दिसण्याबद्दल कुणाला शिक्षा करता येत नाही. पाहण्याबद्दल येते. आणि न पाहण्याबद्दल तर यायलाच हवी.’

त्या एका शब्दाने त्याला किती करमणूक पुरवली! इंग्रज डॉक्टरला ‘बघायला’ जातो आणि आपण डॉक्टरला ‘दाखवायला’ जातो, यावर तो अर्धा तास बोलू शकत असे. आपण जास्त प्रामाणिक, कारण बघायचे काम आपण डॉक्टरवर सोपवतो, असा त्याचा निष्कर्ष. फोन ठेवताना मी ‘सी यू’ म्हटले, की तो भाषांतर करून धमकी देई, ‘बघून घेतो तुला!’ माझ्या पत्रांना येणाऱ्या सरकारी उत्तरांचा तर तो पंडितच होता. एकदा मला एका कार्यालयाकडून इंग्रजीत कळवण्यात आले, की आम्ही याकडे लक्ष देऊ. म्हणजे ‘वुई शॅल सी टु इट’. मी आनंदाने त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘नीट वाच. ‘टु इट’ आहे का खरंच?’ मी पुन्हा पाहिले. नव्हते. नुसतेच ‘वुई शॅल सी’ होते. ‘म्हणजे बघू,’ दत्ता म्हणाला. ‘वकील, त्या दोन शब्दांत अख्खं कार्यालय गडप झालं बघ तुझं.’

सुमतीवहिनींना ‘पाहायला’ आम्ही गेलो तो दिवसही याच गमतीत जमा झाला. इंग्रजीत मुलगी ‘बघणे’ म्हणजे प्रेमप्रकरण आणि मराठीत म्हणजे पोह्यांची बशी, हे त्याने जाताना मला रिक्षात ऐकवले होते. प्रत्यक्षात तिथे काय झाले ते वहिनी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत. ‘हे मला बघायला आले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. मला वाटलं, तारीख ठरवतायत. तर म्हणतात कसे, ‘एकादशीतला ए चुकलाय हो.’’ दत्ता यावर म्हणे, ‘तुला मी पाहिली नाही, तू मला दिसलीस.’ हे ऐकून वहिनी दर वेळी पदर सावरत आत निघून जात. इतक्या वर्षांनंतरही.

असा माणूस समोर न पाहता चालला, असे एका सरकारी कागदावर कायमचे लिहून ठेवले गेले होते.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. पोलीस ठाण्याला पत्र लिहिले, त्याची प्रत वरिष्ठांना दिली, पदपथाचे काम काढणाऱ्या कार्यालयाला वेगळे पत्र लिहिले. लादी काढण्याची परवानगी कुणी दिली, अडसर का लावला नाही, दिवा का नव्हता, कामावर देखरेख करणारा अधिकारी त्या वेळी नेमका कशाची देखरेख करत होता. उत्तर आले नाही. मग मी आणि वहिनी ठाण्यात गेलो. तिथला तपास अधिकारी तरुण होता, सभ्य होता, आणि त्याच्या सभ्यपणामुळे माझा संताप अधिकच वाढला. उद्धट माणसाशी मला बोलता येते.

‘आजोबा, बसा ना. पाणी घेता का?’

‘पाणी नको. ‘न पाहता’ हे तुम्ही कशाच्या आधारे लिहिलंत?’

‘चेंबर उघडं होतं. समोर होतं. बघितलं असतं तर पडले असते का? तुम्हीच सांगा.’ त्याने एक कागद पुढे सरकवला. ‘ठेकेदाराचा खुलासाही आहे. त्याचंही तेच म्हणणं.’

खुलासा इंग्रजीत होता. त्यात लिहिले होते, की त्या गृहस्थांनी चेंबर ‘डिड नॉट सी’. मी तो कागद दोन्ही हातांत धरला.  मी म्हणालो, ‘यात ‘डिड नॉट लुक’ असं लिहिलेलं नाही. ‘डिड नॉट सी’ म्हणजे दिसलं नाही. दिसलं नाही आणि पाहिलं नाही हे एक नव्हे. एकात दोष रस्त्याचा आहे, दुसऱ्यात माणसाचा. तुमच्या ठेकेदाराने स्वतःच लिहून दिलंय, की चेंबर दिसत नव्हतं!’

अधिकारी हसला. वाईट हसला नाही, थकून हसला. ‘आम्हाला शाळेत सी म्हणजे पाहणे असंच शिकवलं, आजोबा.’

‘चुकीचं शिकवलं,’ वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी ठाण्यात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

‘असेल, आजी. पण पंचनाम्यात खाडाखोड करता येत नाही. फार तर पुरवणी जबाब घेता येईल. आणि जबाबात नुसतं व्याकरण नाही चालत. उघडं चेंबर दिसलं का नाही, हे कुणीतरी सांगायला पाहिजे.’

त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. मला ते कबूल करावे लागले. उघडे चेंबर संध्याकाळच्या उजेडात दिसले का नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अपघाताच्या जागी मी स्वतः जाऊन आलो होतो. चौकोनी, काळे, ढळढळीत दिसणारे भोक होते ते. ते पाहून, मित्राबद्दल ज्या शंकेला मी कधी जागा दिली नव्हती ती माझ्या मनात शिरली. दत्ता खरेच कुठे पाहत होता?

उत्तर वहिनींनाच मिळाले. त्या जागेसमोर एक फुलवाली बसते. देवाची फुले वहिनी तिच्याकडूनच घेत. अपघातानंतर त्यांनी तो रस्ता टाळला होता. ठाण्यातून परतताना मात्र त्या हट्टाने तिथून गेल्या आणि तिला एवढेच म्हणाल्या, ‘अगं, हे न बघता चालले असं लिहिलंय पोलिसांनी.’

ती बाई हातातला हार टाकून उठली. ‘असं लिवलंय? सर न बघता? आणि बॅनरचं नाय लिवलं?’

‘कसला बॅनर?’ मी विचारले.

पुढे तिने जे सांगितले ते मी तिच्याच क्रमाने देतो, कारण त्याला माझ्या शब्दांची गरज नाही. धूळ आणि वास येतो म्हणून मागच्या दुकानदाराने आरडाओरडा केला होता. कामावरच्या माणसांनी उतरवलेला एक मोठा फ्लेक्स आणून खोदलेल्या भागावर पसरला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. कडांना दगड ठेवले. मधल्या भागाखाली फळी होती. ‘सकाळपासून आम्ही सगळे त्याच्यावरनंच जात होतो, काका. साहेबांच्या तोंडावरनं. मी स्वतः गेली दोनदा.’ संध्याकाळी दत्ता आला. थांबला. ‘सर थांबलेले. खाली वाकून वाचत होते. मला बोलले, ‘शुभेच्छुकमधला छु दीर्घ काढलाय बघ.’ मी बोलली, ‘सर, तुम्ही पण ना!’ ते हसले. मग… फोटोवर पाय नाय दिला त्यांनी. अक्षरांवर पण नाय दिला. बाजूला कोपऱ्यात कोरी पांढरी जागा होती ना, तिथे दिला.’

कोऱ्या जागेखाली फळी नव्हती.

  दिवसभर शेकडो माणसे छापील चेहरे तुडवत सुखरूप पलीकडे गेली. जो थांबला, ज्याने वाचले, कुणाच्या तोंडावर आणि कुठल्याच अक्षरावर, अगदी चुकीच्या अक्षरावरही, पाय पडू नये म्हणून ज्याने जागा निवडली, तेवढा एक माणूस खाली गेला. आणि त्याच्यामागून कुणीतरी तो फ्लेक्स उचलून नेला. पंचनामा करणाऱ्यांना तिथे उघडे चेंबर दिसले. त्यांना दिसले ते त्यांनी लिहिले. पाहिले मात्र नाही.

‘येशील का सांगायला?’ वहिनींनी तिला विचारले. मला वाटले, ती जागेचे, धंद्याचे कारण सांगेल, आणि तसे सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. तिने टोपली शेजारणीकडे सरकवली आणि म्हणाली, ‘चला. ओल्या फडक्यात झाकून ठेव गं, सुकतील.’

पण आणखी एक अडचण होती आणि ती फक्त वहिनींना आणि मला ठाऊक होती. दत्ताच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया व्हायची होती. हे कळताच ठेकेदाराचा वकील काय करेल, ते मला समोर दिसत होते. रिक्षात मी वहिनींना म्हणालो, ‘डोळ्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही.’

‘आणि त्यांनी विचारलं तर?’

‘विचारलं तर बघू.’

‘बघू?’ वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिले. ‘भावोजी, तुमच्या त्या कार्यालयासारखं बोलू नका.’

फुलवालीचा जबाब आधी झाला. अधिकारी लिहिता लिहिता दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने पेन खाली ठेवले आणि तिला विचारले, ‘पांढऱ्या भागावर? मुद्दाम?’ ती म्हणाली, ‘मुद्दाम म्हंजे काय, देवळात नाय आपण उंबऱ्यावर पाय देत, तसं.’ मग वहिनींची पाळी आली. सरांना व्यवस्थित दिसत होते का, हा प्रश्न त्याने विचारलाच. त्याचे ते कर्तव्य होते. मी खुर्चीत पुढे सरकलो, हरकत घेण्यासाठी तोंडही उघडले. वहिनींनी माझ्याकडे न पाहताच हात वर करून मला गप्प केले.

‘नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना कमी दिसत होतं, म्हणून ते जास्त बघायचे. पायरी आली की ‘पायरी’ म्हणायचे, स्कूटर आली की ‘स्कूटर’. रस्ताभर वाचत चालायचे. मला लाज वाटायची कधी कधी. लिहा तुम्ही हे. सगळं लिहा.’

 आयुष्यभर कायद्याचे कागद वाचलेल्या मला त्या क्षणी कळले, की माझ्या सगळ्या पत्रांत मिळून जे नव्हते ते या एका वाक्यात आले आहे, आणि ते लपवायला मी निघालो होतो. अधिकाऱ्याने ते वाक्य फुलवालीच्या जबाबाशी जोडून सरकारी भाषेत उतरवले आणि वाचून दाखवले : ‘मयत यांना कमी दिसत असल्याने ते नेहमीच जास्त पाहून चालत असत, व घटनेवेळीही पाहूनच चालत होते.’ वहिनी म्हणाल्या, ‘हं.’ आणि सही केली. तपास पुढे कुठे जाईल, हे मी सांगू शकत नाही. मी पत्रे लिहिणार आहे आणि ज्यांना ती पोहोचतील त्यांनी ती वाचायची आहेत. पण पंचनाम्याच्या पाठीला तो जबाब आता टाचलेला आहे. ‘न पाहता’ वाचणाऱ्याला पान उलटल्यावर ‘पाहूनच’ वाचावे लागेल.

त्यांना घरी सोडायला मी वर गेलो. बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून त्यावर निवडलेली मेथी सुकत घातली होती. सकाळी निघताना घातली असावी. वहिनी सवयीने भिंतीला अंग चोरून, कागदाच्या कडेकडेने आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणाल्या, ‘तुम्हीही असेच कडेने या हं, भावोजी. अक्षरं आहेत.’ या घरात इतकी वर्षे येऊनही, फरशीवरची ती कडेची वाट चालून चालून गुळगुळीत झाली आहे, हे मला त्या दिवशी दिसले. मी भिंतीला हात टेकला, चपला मागे ठेवल्या आणि कागद सोडून त्या कोऱ्या, पांढऱ्या फरशीवर टाकायला पाऊल उचलले… आणि ते मला खाली ठेवता येईना.